चोथा उपसणं ही कसली साधना?

जाळीखालचा
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "ज्याने लॉटर टनमधला चोथा स्वतः उपसला नाही तो ब्रूअरच नाही. यंत्र आलं की माणूस बटणदाब्या होतो." खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. (नवख्यांसाठी: लॉटर टन म्हणजे बिअरसाठी दळलेलं माल्ट गरम पाण्यात कालवल्यावर गाळायची जाळीची टाकी, चोथा म्हणजे गाळून मागे उरलेलं धान्य.) दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी सहा वर्षं उपसला. दहा हेक्टोलिटरमागे साधारण २०० किलो ओला चोथा, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त नुसतं पाणी. स्पार्ज, म्हणजे चोथ्यातला गोडवा धुऊन काढायला वरून सोडलेलं पाणी, ७६-७८ अंशांचं, त्यामुळे दार उघडलं की वाफ सरळ तोंडावर. वाकायचं, ओढायचं, पिंपात टाकायचं, पिंप ढकलायचं, पुन्हा वाकायचं. दिवसाला दोन बॅच. बिअरबद्दल जे काही कळायचं ते पहिल्या महिन्यात कळलं. उरलेली वर्षं फक्त कंबर शिकत होती.

रेकला (टाकीत फिरणाऱ्या दात्यांच्या दांड्याला) चोथा लोटणारं पातं आणि दाराखाली स्क्रू कन्व्हेयर (फिरत्या स्क्रूने चोथा पुढे सरकवणारी पन्हळ) लावल्यापासून तेच काम वीस मिनिटांत होतं. त्या वेळात मी यीस्ट मोजतो. हे ब्रूअरचं काम नाही का?

फावडेबहाद्दर
ते वाक्य माझं. अर्धंच उचललंत, पुढचं सोयीने गाळलंत. पुढे लिहिलं होतं की चोथा हा त्या बॅचचा पंचनामा असतो. मॅश-इन, म्हणजे दळलेलं माल्ट पाण्यात कालवणं, घाईत झालं तर आत कोरड्या पिठाचे गोळे सापडतात. पाण्याने एकाच बाजूने वाट काढली असेल तर एक कोपरा चाखून गोड लागतो, दुसरा बेचव. वर राखाडी चिकट थर जाड दिसला की मिलच्या रोलरमधलं अंतर तपासायचं. तुमचं पातं हे सगळं कालवून कन्व्हेयरमध्ये ढकलतं. मग महिनाभराने मीटिंग बोलावता, माल्टमधून निघणाऱ्या साखरेचा उतारा का घटला म्हणून.

नटबोल्ट
दोघांचं भांडण दारापाशीच संपतंय. खरी गंमत दाराच्या पुढे आहे. स्क्रू कन्व्हेयर सरळ रेषेत झकास चालतो, पण ट्रॉली भिंतीपलीकडे, त्यातून वर चढवायचं असेल तर? दोन स्क्रू जोडावे लागतात आणि सांध्यापाशी हमखास तुंबतं. त्यापेक्षा प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंप घ्या, रबरी नळीत पिळाचा दांडा फिरवून घट्ट लगदा ढकलणारा. पाइप हवा तसा फिरवा.

हस्क_आणि_हॉप्स
पंप! कुणी पंपाचं नाव काढलं की मला घाम फुटतो. आमच्याकडे लावला. हॉपरमध्ये (पंपावरच्या नरसाळ्यात) चोथ्याची कमान धरली, खाली पंप कोरडाच फिरत राहिला आणि स्टेटरचं, म्हणजे त्या नळीचं, रबर जळालं. बॅच अर्धी आत, अर्धी पाइपात. शेवटी काय केलं? फावडी आणली. विकणारा म्हणाला, "थोडं पाणी मारा, सरकेल." सरकलं खरं, पण ट्रॉलीतून रस्ताभर गळत गेलं.

नटबोल्ट
हॉपरमध्ये कमान मोडणारी फिरती दांडी नव्हती, स्टेटरवर तापमानाचा सेन्सर नव्हता, आणि दोष पंपाचा. वा.

हस्क_आणि_हॉप्स
सेन्सर होता. वायर जोडली नव्हती. बसवणाऱ्यांनी. हसा आता.

एअरलॉक
दाबाच्या हवेने ढकला की राव. छोटे छोटे गोळे पाइपातून फट् फट् करत जातात, शंभर मीटर लांब सायलो (साठवणीची उंच टाकी) असला तरी.

हस्क_आणि_हॉप्स
आणि पाइपाचे बाक झिजतात ते? भुशात सिलिका असते, सँडपेपरसारखं घासतं. लांब वळणाचे जाड बाक घेतले नाहीत तर एक दिवस भिंतीवर नक्षी. आवाजाचं तर बोलूच नका.

सोपं_उत्तर
लॉटर टनऐवजी मॅश फिल्टर घ्या, प्लेटांमध्ये दाबून गाळणारा. प्लेटा उघडल्या की कोरडसर वड्या खाली कन्व्हेयरवर. विषय संपला.

नटबोल्ट
माल्टचं बारीक पीठ करणारी हॅमर मिल, नवी पाइपिंग आणि प्रत्येक वेळी जवळपास ठरलेल्याच मापाची बॅच. आठवड्याला चार वेगवेगळ्या बिअर काढणाऱ्या छोट्या ब्रूअरीला हे सांगणं म्हणजे सायकलवाल्याला ट्रेन घे म्हणणं.

गोठेकरी
तुमचं पंपपुराण झालं असेल तर बोलू? तो चोथा मी नेतो. उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, मग बुरशी. गाय तोंड लावत नाही आणि लावलं तरी मीच घाबरतो. एक ब्रूअरी यंत्र आल्यापासून रात्री सायलो भरून ठेवते आणि सकाळी मला फोन. आधी हाताने उपसायचे तेव्हा निघायच्या वेळी कळवायचे तरी. चोथ्यात हातमोजे सापडलेत, केबल टाय सापडलेत. एकदा कन्व्हेयर धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी त्यातच सोडलेलं. विचारलं तर "ऑटोमॅटिक आहे, आम्ही हात लावत नाही."

जाळीखालचा
हा यंत्राचा नाही, हलगर्जीपणाचा दोष.

गोठेकरी
असेल. निस्तरतो मी. आम्ही यायचं थांबवलं तर काय कराल?

एअरलॉक
अलास्कातल्या जुनोला आसपास गुरंच नाहीत. तिथली अलास्कन ब्रूइंग कंपनी चोथा सुकवून बॉयलरमध्ये जाळते, वाफ काढते.

गोठेकरी
मग सुकवा. पाऊण भाग पाणी उडवायला काय लागतं ते बघा आणि मग मला फोन करा.

बंद_टाकी
एवढा वेळ कुणी मूळ गोष्ट बोललंच नाही. कोपरे काढायला माणूस टाकीत उतरतो. आमच्याकडे एकजण आत होता, पॅनेलवर दुसऱ्या शिफ्टच्या पोराने रेक चालू केला. वीतभर फिरला आणि आरडाओरड ऐकून थांबवला. वीतभर. त्या दिवसापासून आयसोलेटरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) कुलूप आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. "साधना" वगैरे वाचलं की डोकं फिरतं.

फावडेबहाद्दर
मी कुठे म्हटलं कुलूप न लावता उतरा? चौदा वर्षांत माझ्याकडे एकालाही खरचटलेलं नाही.

बंद_टाकी
आमच्याकडेही त्या दिवसापर्यंत हेच म्हणायचे.

फावडेबहाद्दर
बरं. आत उतरू नये, मान्य. लांब दांड्याचं फावडं घेऊन दाराबाहेरून ओढावं. लागेल आता झोप?

जाळीखालचा
मीही एक कबूल करतो, पण याचा स्क्रीनशॉट काढू नका. पातं लावल्यावर पाच आठवडे पिठाचे गोळे होत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता. मॅश-इनच्या पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडत होता. आता पातं सुरू करण्याआधी दारातून बघतो, तीन ठिकाणचा नमुना काढतो, पाच मिनिटं.

फावडेबहाद्दर
म्हणजे उपसताच. चमच्याने.

जाळीखालचा
चमच्याने कंबर जात नाही.

हस्क_आणि_हॉप्स
@नटबोल्ट, ती कमान मोडणारी दांडी हॉपरमध्ये आडवी बसवायची की उभी? आमच्याकडे वायर जोडून झाली आहे.

नटबोल्ट
आडवी, स्क्रूच्या वर. आधी सेन्सर खरंच पंप बंद करतो का ते तपासा. चोथा घालण्याआधी.