पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

काल शेजाऱ्यांची गाडी ढकलली. काटा अर्ध्यावर, टाकी ठणठण गोपाळ. ढकलता ढकलता बाबांची जुनी गाडी आठवली. तिचा काटा वळणावर डुलायचा, चढावर टाकी भरायची, उतारावर रिकामी व्हायची. बाबा काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "आहे अजून." नसायचं.

शेवटी मीच शहाणपणा केला. मीटरच गेलाय म्हणून अख्खा डॅशबोर्ड सोडला, परत बसवला, दोन स्क्रू उरले (अजून आहेत माझ्याकडे). काटा जैसे थे. दोष निघाला टाकीजवळच्या अर्थच्या वायरीत. टोकावर हिरवट पूड धरली होती. पॉलिश पेपरने घासली, घट्ट आवळली, काटा सुतासारखा सरळ. बाबा तरी टिचकी मारायचेच.

तुमच्याकडे काय काय झालंय?

खटारा_प्रेमी: टिचकी?? आमच्याकडे बुक्की होती.

वायरमन: डॅशबोर्डला आधी हात लावायचाच नाही हो. टाकीवर फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणारी डबी) वायर असते ती काढा, इग्निशन चालू करा, कुणाला तरी काट्याकडे बघायला बसवा. मग इग्निशन बंद करून तीच वायर बॉडीला लावा, परत चालू करा. काटा या टोकाचा त्या टोकाला गेला तर मीटर आणि मधली वायर ठीक, दुखणं टाकीत. हललाच नाही तर फ्यूज, वायर, मीटर या क्रमाने बघा. कुठलं टोक फुल हे गाडीवर आहे. जुन्या जीएमच्या (जनरल मोटर्स) गाड्यांत फ्लोटचा रोध रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्याला ९०, जुन्या फोर्डमध्ये उलटं, भरली की ओहम कमी. वायर फार वेळ लावून ठेवू नका, जुनी मीटरं जळतात. आणि टाकी उघडी असताना हा प्रयोग अजिबात नको, ठिणगी पडली तर संपलं.

ओट्यावरून: तो "कुणाला तरी" म्हणजे कायम मीच. "हलला का?" नाही. "आता?" नाही. "आता??" दहा मिनिटांनी कळलं मी तापमानाच्या काट्याकडे बघत होते 😂 आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत

खटारा_प्रेमी: ताई दोन दिवस शांतता मिळाली, तक्रार कसली

जुनंच_बरं: माझा फ्लोट बुडला होता. पितळी डबी, तिला केसाएवढी चीर. बाहेर काढून कानाशी हलवली तर आत खळखळ. टाकी काठोकाठ भरली तरी काटा तळाला. डाग मारायचा मोह झाला होता पण आत पेट्रोलची वाफ, नकोच. नवा फ्लोट टाकला. काढायच्या आधी टाकी जवळजवळ रिकामी करा, मी भरलेली उघडली आणि मागच्या सीटला आठवडाभर वास.

रात्रपाळी: पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम चुकायला लागले तर टाकी उघडू नका. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोघांना मिळून एकच १० व्होल्टचा स्टॅबिलायझर (काट्यांना जाणारा व्होल्टेज सारखा ठेवणारा) असतो, तो गेलेला असतो. मी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग फ्लोट, मग रडलो.

नवशिका: माझा काटा पाऊण टाकीला अडकतो आणि मग धपकन पावच्या खाली. हे काय?

वायरमन: फ्लोटच्या दांडीखालची रोधाची पट्टी झिजलीय. फ्लोट बाहेर काढून गाडीपासून लांब न्या, मल्टिमीटर ओहमवर लावून दांडी हाताने हळूहळू वर न्या. आकडा सावकाश बदलायला हवा, मध्येच उडाला की तिथेच पट्टी खाल्लेली.

नवशिका: 🙏 रविवारी बघतो. तोवर ट्रिप मीटर शून्य करून चालवतो

रात्रपाळी: तो चालतो ना?

नवशिका: आता शंका आली

काकांची_बीटल: १९६१ पर्यंतच्या बीटलला पेट्रोलचा काटाच नव्हता. इंजिन खोकलं की पायाने रिझर्व्हचा नळ फिरवायचा. नसलेला काटा खोटं बोलत नाही. (पण नळ परत फिरवायला विसरलं की... जाऊ दे.)

ओट्यावरून: काका सांगाच ना

काकांची_बीटल: पाच किलोमीटर चाललो. सौ. पुढे, मी मागे.

जुनंच_बरं: मूळ धागाकर्ते, ते उरलेले दोन स्क्रू बारीक काळे, चपट्या डोक्याचे आहेत का? माझ्या डॅशबोर्डला नेमके दोन कमी आहेत.

धागाकर्ता: काळे आहेत. एकाचं डोकं घासलेलं.

जुनंच_बरं: चालेल, घासलेला मी आतल्या बाजूला लावीन.