पन्हळीला जाळी लावली तरी सफाई चुकत नाही

छपराच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीवर जाळी बसवली की पन्हळ साफ करायची गरजच नाही असं म्हणतात, ते निदान कोकणात तरी खरं नाही. आंबा-फणसाची मोठी पानं अडतात पण मोहोर, धूळ आणि कौलांवरचं शेवाळ बारीक होऊन आत जातंच, आणि त्याचा गाळ बरोब्बर उतरत्या पाईपच्या तोंडाशी बसतो. मग पाणी मागे फुगतं, वाशांची टोकं आणि रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) भिजत राहतात आणि दोन-चार पावसाळ्यांत लाकूड कुजतं, तो खर्च जाळीच्या कितीतरी पट! १०० चौरस मीटर छपरावर १०० मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी हो, आणि तेवढा पाऊस आपल्याकडे जुलैत एका दिवसातही पडतो.

त्यामुळे मे अखेरीस गाळ हाताने काढा (हातमोजे घालून, विंचू असतात), मग लांबच्या टोकाकडून बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे साचलं तर तिथला क्लॅम्प ढिला झालाय किंवा उतार गेलाय, तो आधी नीट करा, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. शिडी पन्हळीला टेकवू नका प्लीज, पीव्हीसीची असेल तर तडकतेच, आणि खाली धरायला माणूस हवाच. गणपतीच्या आधी उघडीप मिळाली की परत एकदा बघून घ्या.