मदत हवी आहे: कांगारू की वॉलबी? उद्या सकाळी द्यायचंय!!

झब्बू: लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट, घराजवळचा प्राणी. परवा मागच्या अंगणात एक आलेला, मी म्हणतेय कांगारूचं पिल्लू, नवरा म्हणतो वॉलबी (कांगारूचाच छोटा भाऊबंद), लेक रडकुंडीला आलीये. फोटो हललाय. पटकन सांगा.

रानवाट: कुठे राहता?

झब्बू: ऑस्ट्रेलियात, अजून कुठे असणार!

बोकोबा: असं काही नाही हं, ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर पण मोकाट वॉलबी आहेत, पार्कातून पळालेल्यांची पिलावळ.

रानवाट: अहो ऑस्ट्रेलिया काय डोंबिवली आहे का, शहर सांगा. एकटा होता की कळप? रंग?

झब्बू: मेलबर्न, बेलग्रेव्हच्या पुढे. एकटाच. काळपट चॉकलेटी, पोट तांबूस. शेजारी एवढी हिरवळ, तिला तोंड नाही लावलं, माझ्या गुलाबांचे कोवळे शेंडे खाऊन गेला मेला.

मायाताई: उंची बघायची. कमरेएवढा तो वॉलबी, डोक्याएवढा तो कांगारू. सोप्पं. १२ वर्षं ब्रिस्बेनला आहे मी.

रानवाट: ताई, कांगारूचं पिल्लूही कमरेएवढंच असतं, तोच तर घोळ आहे. तिकडचा ईस्टर्न ग्रे कांगारू राखाडी असतो, मोकळ्या जागी घोळक्याने गवत चरतो, पिल्लू असलं तरी आई आसपास असतेच. एकटं, गडद, झाडाचा पाला खाणारं म्हणजे स्वॉम्प वॉलबी. गालावर फिकट पट्टा होता का?

मायाताई: रेड-नेक्ड वॉलबी पण असेल, आमच्याकडे ढिगाने आहेत.

रानवाट: तिची मान-खांदे तांबूस, पोट फिकट. इथे पोट तांबूस सांगतायत.

सच्या_०७: पाव बिव घालू नका, जबडा सुजतो त्यांचा. आणि कुत्रा बांधून ठेवा.

झब्बू: कुत्रा नाहीये आमच्याकडे 🙄 पट्टा फोटोत दिसत नाही. लेक म्हणते पळताना डोकं खाली आणि शेपूट मागे सरळ होतं.

रानवाट: मग स्वॉम्पच, उड्या मारायची तऱ्हाच ती. लेकीला लिहू दे, वॉलेबिया या वंशात आज ही एकच जात उरलीये, आणि मादीला १० गुणसूत्रं, नराला ११. टीचर खूश.

बोकोबा: २०२२ मध्ये बंगालात जलपाईगुडीकडे रस्त्यावर कांगारू सापडले होते, आठवतंय का कुणाला?

झब्बू: थँक्यू रानवाट. आता नवऱ्याला सांगायचं जिवावर आलंय. गुलाबांचं काय करू पण?

मायाताई: जाळी लाव. आणि माझ्या मते रेड-नेक्डच आहे.