वायरचा की बॅटरीचा?

अलिबागच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलसाठी तळ-भिंती साफ करणारा बॅटरीवरचा रोबो घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. तिथे रोज माणूस नसेल तर माझं मत वायरवाल्यालाच. चार्जिंग संपलं की ते धूड तळाशी बसतं, मग बसा आकड्याने ओढत! वायरला पीळ पडतो खरा. अधूनमधून उन्हात सरळ पसरून ठेवा, सुटतो. टाइल्स गुळगुळीत असतील तर फोमचे ब्रश मागून घ्या, साधे भिंतीवर घसरतात. पावसाळ्यात तांबडी माती जाड जाळीतून आरपार जाऊन पाण्यात परत ढग उठवते, तेव्हा बारीक फिल्टर हवाच. आणि शेवाळाचं औषध रोबो नव्हे हो. क्लोरीन नि पीएच (पाण्याची आम्लता, ७.२ ते ७.६) तुम्हालाच बघावं लागणार.