जुन्या पियानोवर अख्खं करिअर: ध्यास की हट्ट?

सुरपेटी:
माल्कम बिल्सन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. 1935 साली लॉस एंजेलिसला जन्मलेला पियानोवादक. कॉर्नेल विद्यापीठात शिकवत असताना 1969 साली मोझार्टकालीन फोर्टेपियानोची, म्हणजे पियानोच्या जुन्या रूपाची, प्रतिकृती हाती लागली आणि गड्याने वाटच बदलली. पुढे 1980च्या दशकात जॉन एलियट गार्डिनर यांच्या वाद्यवृंदासोबत मोझार्टचे कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) त्याने त्या धाटणीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केले. सध्या तेच ऐकतोय.

मोझार्टचा पियानो व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टर या कारागिराचा. पाच सप्तकं, 61 पट्ट्या, लाकडी सांगाडा, चामडं लावलेले हलके हातोडे. आजच्या मोठ्या स्टाइनवे कंपनीच्या पियानोत 88 पट्ट्या, ओतीव लोखंडाची चौकट आणि वजन पाचशे किलोच्या घरात. मोझार्टने दोन-दोन, तीन-तीन सुरांचे जे छोटे जोड लिहिलेत, ते वाल्टरवर बोलल्यासारखे येतात, कारण सूर लगेच विरतो. आजच्या पियानोची आस इतकी लांब की वादकाला तो विराम ओढूनताणून आणावा लागतो. म्हणून मला वाटतं, बिल्सनने आयुष्य योग्य जागी घातलं.

खडूस:
छान. आणि दोन हजार खुर्च्यांच्या हॉलमध्ये तेराव्या रांगेनंतर काय ऐकू येतं? डबीत खडे वाजवल्यासारखा आवाज. वाद्य सुधारलं ते काय उगाच? मोझार्टला स्टाइनवे मिळाला असता तर त्याने वाल्टर माळ्यावर टाकला असता.

सुरपेटी:
स्टाइनवे मिळाला असता तर त्याने वेगळं काही लिहिलं असतं, एवढंच आपण म्हणू शकतो. आणि आवाज लहान म्हणता, तर वाद्यवृंदही तेवढाच लहान असायचा, हॉलसुद्धा.

पट्टी_काळी_पाच:
मी पुण्यात पियानो शिकवते, घरी साधा उभा पियानो आहे. खडूस, बेथोवनचा मूनलाइट सोनाटा घ्या, 1801चा. पहिला भाग सबंध डॅम्पर (तारांचा आवाज दाबणाऱ्या गाद्या) उचलून, म्हणजे तारा मोकळ्या ठेवून वाजवावा असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आजच्या पियानोवर हे शब्दशः पाळून बघा. तेव्हाच्या वाद्यावर मागचे सूर पुढच्यांना जागा करून देत विरायचे. आता आम्ही मुलांना शिकवतो की तेवढी सूचना सोडून द्या! वाद्य बदललं की लिहिलेलं खोटं पडतं, ते असं.

खडूस:
एक सूचना पाळता यावी म्हणून चाळीस वर्षं? पियानोवादक आंद्राश शिफ बघा. शूबर्टसाठी 1820च्या सुमाराचा ब्रोडमानचा पियानो काढतो, ब्राम्सच्या कॉन्चेर्टोंना जुना ब्ल्यूथनरचा, आणि एरवी आधुनिक पियानोवर सुखाने वाजवतो. एकाच खुंटीला बांधून घ्यायचं कशाला? शिवाय गावोगाव वाद्य सोबत न्या, लाकूड हवेने फुगतं, मध्यंतरात पुन्हा सुरात लावत बसा. गाणं कमी, हमाली जास्त.

सुरपेटी:
हमाली मोझार्टनेही केली. त्याच्या वडिलांनी, लिओपोल्डने, 1785 साली मुलीला लिहिलंय की, मी आल्यापासून तुझ्या भावाचा पियानो निदान डझनभर वेळा नाट्यगृहात नाहीतर कुणाच्या घरी उचलून नेला. आणि शिफचं म्हणाल तर, बिल्सनसारख्यांनी आधी नांगरून ठेवलं म्हणून त्याला पेरता आलं. कारागीर टिकले, विद्यार्थी तयार झाले. वॉर्सात 2018पासून जुन्या पियानोंवर वेगळी शोपँ स्पर्धा होते, ती आपोआप नाही उगवली.

आडवा_ताल:
अवांतर: नाट्यपदामागे पायपेटीचा ऑर्गन ऐकत वाढलेल्या माझ्या काकांना तेच पद कीबोर्डवर ऐकवलं, तर 'बंद कर ते' म्हणाले. पण त्यांना ऑर्गन आवडतो की स्वतःचं बालपण, हे मला अजून कळलेलं नाही. जुन्या पियानोवाल्यांबद्दलही थोडी तीच शंका.

पट्टी_काळी_पाच:
बिल्सनचं बालपण फोर्टेपियानोवर गेलेलं नाही हो! तिशी उलटल्यावर तो नव्याने शिकला.

खडूस:
काल रात्री तारा मोकळ्या ठेवणारं पेडल न सोडता मूनलाइट वाजवून पाहिला. चौथ्या ओळीपर्यंत निव्वळ चिखल. मग पेडल अर्धंच दाबलं, बरं वाटलं. मत बदललेलं नाही, पण बाई, ते अर्धं पेडल नेमकं कुठवर दाबायचं?