टर्पीन, दर्प आणि संगतगुण

प्रश्न
भांगेच्या झाडातल्या टर्पीन या द्रव्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. वास, स्वाद आणि शरीरावरचा परिणाम ही द्रव्यं कशी घडवतात, असा विषय आहे. तीन ठिकाणी अडले आहे. टर्पीन लिहावं की टर्पिन, आणि अनेकवचन काय? मूळ लेखातल्या ‘अरोमा’ला मी सगळीकडे ‘सुगंध’ लिहीत गेले, पण हे झाड सुगंधासाठी ओळखलं जात नाही, त्यामुळे वाचताना खटकतं. आणि ‘आंतुराज इफेक्ट’ला काय म्हणावं? झाडातली अनेक द्रव्यं एकत्र आली की परिणाम बदलतो, अशी ती कल्पना आहे.

प्रतिसाद १
एकवचनी टर्पीन, अनेकवचनी टर्पिने, सामान्यरूप टर्पिनांचा. गरीब–गरिबाला होतं तसंच. लिंग नपुंसक ठेवा, ‘ते द्रव्य’ मनात असतंच.

शब्दाचं मूळ सांगण्यासारखं आहे. जर्मन रसायनज्ञ केकुले यांनी १८६६ मध्ये टर्पेंटाइनवरून हे नाव घडवलं, आणि टर्पेंटाइन ज्या ग्रीक शब्दापर्यंत मागे जातो तो राळ देणाऱ्या एका झाडाचं नाव आहे. म्हणजे शब्दाच्या पोटातच राळ आहे. भांगेच्या मादी फुलांवर बारीक ग्रंथी असलेले रोम असतात, त्यांतली चिकट राळ हेच टर्पिनांचं घर. म्हणून अजून एक सुचवतो: वासाबद्दल लिहिताना ‘भांग’ नको, ‘गांजा’ लिहा. मराठीत भांग म्हणजे मुख्यतः पानं, गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ. तीन वेगळे शब्द हाताशी असताना एकाच शब्दावर सगळा भार का टाकायचा?

लॅव्हेंडरमधल्या लिनॅलूलसारख्या द्रव्यात ऑक्सिजनही असतो, काटेकोरपणे त्याला टर्पिनॉइड म्हणतात. एकदा तळटीप दिलीत की पुरे.

प्रतिसाद २
दुसरा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ‘सुगंध’ म्हटलं की आवडलं हा निकाल आधीच लागतो. तटस्थ शब्द ‘गंध’. ‘वास’ही मुळात तटस्थच, पण विशेषणाशिवाय ‘वास येतोय’ म्हटलं की माणूस नाक मुरडतो. तेव्हा शीर्षकात आणि व्याख्येत गंध, आणि वर्णनात प्रत्येक टर्पिनाला त्याचं विशेषण: मर्सीन मातकट, लिमोनीन लिंबाच्या सालीसारखं, पायनीन चिडाच्या लाकडासारखं, लिनॅलूल लॅव्हेंडरच्या फुलासारखं, कॅरिओफायलीन मिरीसारखं झणझणीत. ही द्रव्यं त्या त्या वनस्पतींतही असतात, म्हणून या उपमा नुसत्या उपमा नाहीत.

मात्र एका शब्दाला जपा. गांजाच्या उग्र वासाला मराठीत अचूक शब्द आहे, ‘दर्प’. (संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, मराठीत तो नाकात चढून बसला.) ‘टर्पिनांचा दर्प’ असं लिहायचा मोह होईल, पण ते चुकेल. काही वाणांचा तो स्कंक प्राण्यासारखा दर्प गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. त्यांचं प्रमाण टर्पिनांच्या मानाने अगदी नगण्य, पण नाकाला ती आधी कळतात. गंध टर्पिनांचा, दर्प गंधकाचा, अशी वाटणी केलीत तर भाषा आणि रसायन दोन्ही सांभाळलं जाईल.

आणि ‘चव’ नको, ‘स्वाद’ हवा. चव जिभेची: गोड, आंबट, खारट, कडू. स्वादात नाकही येतं. टर्पिनांचं काम बहुतेक नाकातच होतं, नाक दाबलं की लिमोनीनचं लिंबू नाहीसं होतं.

प्रतिसाद ३
तिसऱ्या प्रश्नाला आपली म्हणच उत्तर देते: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तेव्हा ‘संगतगुण’ म्हणा. १९९८ मध्ये रसायनज्ञ मेशुलाम आणि सहकाऱ्यांनी ‘आंतुराज इफेक्ट’ हा शब्दप्रयोग केला तो शरीरात तयार होणाऱ्या कॅनाबिनॉइडबद्दल, म्हणजे गांजातल्या द्रव्यांसारखीच क्रिया करणाऱ्या द्रव्याबद्दल: स्वतः निष्क्रिय असलेले सोबती त्याची क्रिया वाढवतात, असं त्यांना दिसलं. टर्पिनांना तो लावून संशोधक रुसो यांनी २०११ मध्ये सविस्तर मांडणी केली.

प्रतिसाद १
‘संगतगुण’ कानाला फार गोड आहे, तरीही माझा विरोध आहे. मराठीत ‘औषधाचा गुण आला’ म्हणजे रोगी बरा झाला. वाचक ‘गुण’ वाचेल आणि फायदा सिद्ध झाला असं समजेल. तेवढा पुरावा नाही. २०१९ च्या एका प्रयोगात नेहमीच्या टर्पिनांनी टीएचसीच्या (गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य) ग्राहींवरच्या, म्हणजे पेशींवर ते जिथे चिकटतं त्या जागांवरच्या, क्रियेत काही फरक पाडला नाही. उलट कॅरिओफायलीन स्वतःच सीबी२ या ग्राहीला जाऊन चिकटतं, हे २००८ पासून माहीत आहे. २०२४ मध्ये २० निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात टीएचसीसोबत पुरेशा मात्रेत लिमोनीनची वाफ ओढायला दिल्यावर अस्वस्थता कमी झाली, पण ती मात्रा मुद्दाम मोजून दिलेली होती. ‘मर्सीन आहे म्हणून झोप येते’ यासारखी विधानं इतक्यावरून करता येत नाहीत. ‘परिणाम’ हा शब्द चांगलं-वाईट काही बोलत नाही, तोच ठेवा.

प्रतिसाद ३
‘गुण आला’चा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य. मग ‘सोबतीचा परिणाम’?

प्रश्नकर्ती
हाच घेते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गृहीतक’ हा शब्द जोडते. पहिला परिच्छेद आता असा झाला आहे: “गांजाचा गंध आणि स्वाद मुख्यतः टर्पिनांतून येतो, त्याचा दर्प गंधकयुक्त द्रव्यांतून. टर्पिने टीएचसीचा परिणामही बदलतात, हे सोबतीच्या परिणामाचं गृहीतक अजून तपासलं जात आहे.” ‘सुगंध’ हा शब्द सगळ्या मजकुरात आता एकदाच उरला आहे, लॅव्हेंडरपाशी.