लातूरला बारावी, घर सोलापूरला: इंजिनिअरिंग प्रवेशाची तयारी कधीपासून?

दक्षिण_कसबा:
मुलगी जूनमध्ये बारावीत जाईल. दहावी सोलापुरात झाली, अकरावी-बारावी लातूरला. ओबीसी प्रवर्ग. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही. सीईटीनंतर कॉम्प्युटर किंवा ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), शक्यतो सोलापुरात किंवा पुण्यात. कागदपत्रं निकालानंतर काढली तर चालतील का? आणि सीईटी ते कॉलेज सुरू होईपर्यंत मधल्या काळात तिनं नेमकं काय वाचावं?

सात_रस्ता:
निकालानंतर नको, आताच लागा. अभ्यास तिचा आहे, पण कागद तुमचे, आणि उशीर तिथंच होतो.

आधी व्हॅलिडिटी. बारावी सायन्सची विद्यार्थिनी म्हणून ऑनलाइन अर्ज भरायचा, कॉलेजचं पत्र आणि सही-शिक्का घ्यायचा, मग कागद जिल्हा जात पडताळणी समितीकडे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जात लिहिलेली कुठलीही जुनी सरकारी नोंद. सीमेलगतच्या घरांचं घोडं इथंच अडतं. आजोबांची शाळा कर्नाटकात इंडी किंवा विजयपूरकडची असेल, तर त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे वेगळं दाखवावं लागतं. तुमची स्वतःची किंवा सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी असेल तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासोबत तीच जोडा, काम निम्म्यानं हलकं होतं. नावातला फरकही आताच बघा. दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरं असेल, तर समिती त्रुटी काढते आणि फाईल पडून राहते.

नॉन-क्रीमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) मात्र घाईनं काढून उपयोग नाही. २०२७-२८ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२८ पर्यंत वैध असावं लागतं. हाती असलेल्याची मुदत त्याआधी संपत असेल, तर एप्रिल २०२७ मध्ये नवीन आर्थिक वर्ष लागलं की सेतूत (सरकारी दाखल्यांच्या केंद्रात) अर्ज टाका. जूनमध्ये सगळा जिल्हा तिथं उभा असतो.

उत्पन्नाचा दाखला वेगळा, त्यात गल्लत करू नका. नॉन-क्रीमीलेयरच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेती धरत नाहीत, पण फी सवलतीच्या आठ लाखांच्या उत्पन्न मर्यादेत सगळं धरतात. ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे, मात्र प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ती गेली. महाडीबीटीसाठी (सवलत-शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) तिचं बँक खातं आधारशी जोडून ठेवा.

होटगी_रोड:
वरच्या उत्तरात लातूरचा मुद्दा सुटला, आणि तुमच्यासाठी तोच मोठा आहे. होम युनिव्हर्सिटी, म्हणजे जागावाटपात जिथली स्थानिक धरतात ते विद्यापीठ, घराच्या पत्त्यावर नाही, बारावी कुठून पास झाली यावर ठरते. म्हणजे तुमच्या मुलीची होम युनिव्हर्सिटी नांदेडची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूटला ती बाहेरची धरली जाईल, आणि होम-बाहेरचं प्रमाण ७०:३० असतं. मागचे कटऑफ बघताना एलओबीसीएच नाही, एलओबीसीओ बघायचं. पहिलं अक्षर मुलींच्या जागेचं, शेवटचं होम की बाहेरचं याचं. एस असेल तर राज्यस्तरीय जागा, तिथं बारावीचं गाव आडवं येत नाही.

सांगलीचं वालचंद कॉलेज आणि सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट वेगळी आहेत. ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा फॉर्म) नाव वाचून नाही, कोड वाचून भरा.

क्रम मनापासून लावा, 'मिळेल का' हे बघून नको. वाटप वरून खाली होतं, त्यामुळे अवघड कॉलेज वर टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. पण २०२५ मध्ये पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम, दुसरीत पहिले तीन, तिसरीत पहिले सहा मिळाले की आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच जागा पक्की, होत होते. न स्वीकारल्यास पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून जिथं खरंच जायचं नाही ते वरच्या सहात ठेवूच नका. त्या वर्षाचा नियम माहितीपुस्तिकेत बघून मगच फॉर्म लॉक करा.

दक्षिण_कसबा:
होम युनिव्हर्सिटीचं ठाऊकच नव्हतं. आभारी आहे. आता पहिल्या वर्षाचं कुणी सांगेल?

ड्रॉइंग_हॉल:
मधल्या काळात एम-वनचे (पहिल्या सत्राचं गणित) व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा बारावीचं इंटिग्रेशन, डिटरमिनंट आणि कॉम्प्लेक्स नंबर पायऱ्यांसह कागदावर सोडवू द्या. सीईटीनं पर्याय टिपायची सवय लागते. सत्र परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात आणि हुशार पोरं नेमकी तिथं गचकतात. मॅट्रिक्सची रँक आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह कॉलेजात शिकवतातच, पण शेवटच्या फेरीत आलेल्यांचं ते बुडालेलं असतं.

सी या प्रोग्रामिंग भाषेत लूप, ॲरे, फंक्शन एवढं हातानं टाइप करून यावं. पॉइंटर नंतर.

इंजिनिअरिंग ग्राफिक्सला ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन (वस्तूच्या बाजू वेगवेगळ्या सपाट काढणं) हा खरा अडथळा. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत: समोरचं दृश्य वर, वरचं दृश्य खाली, डावीकडून पाहिलेलं उजवीकडे. साबणाची वडी कापून तीन बाजू काढायला लावा, आठवड्याभरात नजर बसते. पेन्सिली दोन, बांधणीच्या रेषांना टूएच, गडद रेषेला एचबी. ड्राफ्टर (बोर्डवर रेषा आखायचं साधन) आणि शीट कॉलेज सांगेल तेव्हाच घ्या, आकार कॉलेजगणिक बदलतो. लॅपटॉपची घाई नको, पण कॉम्प्युटर मिळालं तर १६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका.